रुब्रिक असूनही गुण जुळत नाहीत, तेव्हा नेमके काय दुरुस्त करायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नर्सिंग आणि फिजिओथेरपी शिकवणाऱ्या एका शिक्षक-गटाने केस प्रेझेंटेशन, प्रात्यक्षिक परीक्षा, वॉर्डमधले काम आणि चिंतन-लेखन या सगळ्यांसाठी रुब्रिक्स, म्हणजे निकष आणि प्रत्येक पायरीचे वर्णन असलेले मूल्यमापनाचे तक्ते, तयार केली. प्रत्येकात पाच-सहा निकष, बहुतेक निकषांना चार पायऱ्या. तरीही एकाच विद्यार्थ्याला दोन परीक्षक वेगवेगळे गुण देतात, विद्यार्थी तक्रार करतात आणि शिक्षकांना हे सगळे नुसते कागद भरणे वाटू लागले आहे. मग रुब्रिक टाकून द्यावे की सुधारावे? सुधारायचे तर सुरुवात कुठून करावी? असे या गटाने आपले तक्ते दाखवून विचारले आहे, आणि पुढचे उत्तर त्यांनाच उद्देशून आहे.

टाकून देऊ नका, पण संख्या कमी करा. जी उरतील त्यांच्या पायऱ्यांची भाषा नव्याने लिहा आणि ती विद्यार्थ्यांच्या खऱ्या कामावर सगळ्या परीक्षकांनी एकत्र बसून तपासून पाहा. बहुतेक ठिकाणी तक्ता आखला जातो, छापला जातो आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी परीक्षकांच्या हातात पडतो. तक्ता नेटका दिसतो, म्हणून काम झाल्यासारखे वाटते. खरे तर तेव्हा कामाला सुरुवातही झालेली नसते. चांगले काम कसे दिसते याविषयी शिक्षकांनी आपसात केलेला लेखी करार म्हणजे रुब्रिक. करार करणारे एकमेकांशी बोललेच नसतील, तर कागदावर काहीही छापलेले असो, प्रत्येक जण आपल्या मनातल्या मापानेच गुण देणार.

आधी कोणत्या कामाला रुब्रिक हवे आणि कुठे साधी चेकलिस्ट पुरते हे ठरवा. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये वैद्यकीय शिक्षणातल्या मूल्यमापनाचे चार थर मांडले: माहीत असणे, कसे करायचे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. खालच्या दोन थरांना चांगली लेखी परीक्षा बऱ्याच अंशी पुरते. रुब्रिकची खरी गरज भासते ती वरच्या दोन थरांवर, आणि लेखी कामात जिथे उत्तरापेक्षा विद्यार्थ्याचा विचार तपासायचा असतो तिथे. करून दाखवण्याच्या थरावर बराच काळ चेकलिस्टचेच राज्य राहिले. रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये ऑस्की ही स्टेशनवार प्रात्यक्षिक परीक्षा मांडली (विद्यार्थी एकेका ठिकाणी, म्हणजे स्टेशनवर, ठरावीक वेळात एकेक काम करून दाखवतो), आणि तिच्यासोबत हो-नाहीच्या लांबलचक याद्याही सगळीकडे पोचल्या. हात धुतले, हो. ओळख पटवली, हो. परवानगी घेतली, हो.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने रक्तदाब कसा मोजला हे बघायचे असेल तर अशी यादी उत्तम. पायऱ्या ठरलेल्या आहेत, क्रम ठरलेला आहे आणि गाळलेली पायरी लगेच दिसते. अडचण पुढे येते. ब्रायन हॉजेस आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिले की ऑस्कीतल्या चेकलिस्टवर अनुभवी डॉक्टरांना शिकाऊंपेक्षा कमी गुण पडतात, आणि त्याच परीक्षेत एकूण कामगिरीची समग्र श्रेणी दिली तर अनुभवीच पुढे असतात. कारण समजण्यासारखे आहे. अनुभवी माणूस दोन प्रश्नांत मुद्द्यावर येतो, उरलेले अठरा प्रश्न विचारतच नाही. यादी मात्र विचारलेले प्रश्न मोजते. म्हणून वरच्या वर्षांत, जिथे निर्णय, संवाद आणि प्राधान्यक्रम बघायचा असतो तिथे, चेकलिस्ट लांबवत नेऊ नका. तिथे पायऱ्यांचे वर्णन असलेले रुब्रिक लागते. तुमच्या यादीतले कॅथेटर घालण्याचे रुब्रिक मला अनावश्यक वाटते. त्यासाठी चेकलिस्ट आणि शेवटी एक समग्र श्रेणी पुरेशी आहे. केस प्रेझेंटेशन आणि हँडओव्हर (रुग्णाची माहिती दुसऱ्या जबाबदार व्यक्तीला सांगणे) यांची रुब्रिक्स मात्र ठेवा.

आता पायऱ्यांची भाषा. माझ्या मते तुमचे निम्मे भांडण इथेच आहे, म्हणून जरा तपशिलात जाते. तुमच्या हँडओव्हरच्या रुब्रिकमध्ये एक निकष आहे, 'माहितीची मांडणी'. त्याच्या चार पायऱ्या आहेत: असमाधानकारक, समाधानकारक, चांगली, उत्कृष्ट. खाली प्रत्येकाचे वर्णन म्हणून 'मांडणी विस्कळीत आहे', 'मांडणी बऱ्यापैकी सुसंगत आहे', 'मांडणी सुसंगत आहे', 'मांडणी अत्यंत सुसंगत व परिणामकारक आहे' असे लिहिले आहे. ही चारही वाक्ये म्हणजे एकच विशेषण कमी-जास्त केलेले. 'बऱ्यापैकी' आणि 'अत्यंत' यांच्यातले अंतर प्रत्येक परीक्षक स्वतः ठरवणार. म्हणजे ज्या वादासाठी रुब्रिक केले तो वाद जिथल्या तिथेच राहिला.

त्याऐवजी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. रुग्णाची नाडी सकाळी 88 होती, आता 112 आहे. लघवीचे प्रमाण घटले आहे, रुग्ण अस्वस्थ आहे. विद्यार्थी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन करतो. इथे चार प्रकारचे विद्यार्थी खरोखर ऐकायला मिळतात. एक म्हणतो, 'नाडी 112 आहे, रक्तदाब अमुक आहे' आणि थांबतो. सकाळी किती होती हे डॉक्टरांना विचारून काढावे लागते. दुसरा बदल सांगतो, 88 वरून 112 झाली, पण त्याला त्यात काय काळजीचे वाटते हे सांगत नाही आणि काही मागतही नाही. तिसरा बदल सांगतो, त्यावरून रक्तस्राव होत असेल किंवा शरीरात द्रव कमी पडत असेल अशी शंका बोलून दाखवतो आणि 'तुम्ही लगेच येऊन बघा' असे स्पष्ट म्हणतो. चौथा हे सगळे करतोच; शिवाय तुम्ही येईपर्यंत मी काय करतो ते सांगतो, मिळालेली सूचना परत वाचून दाखवतो आणि ठरलेल्या वेळात कोणी आले नाही तर कोणाला कळवायचे हेही विचारून ठेवतो.

या चार विद्यार्थ्यांचे वर्णन म्हणजेच तुमच्या चार पायऱ्या. निकषाचे नावही बदला: 'माहितीची मांडणी' ऐवजी 'बदल ओळखून मदत मागणे'. एसबार पद्धतीने, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यांकन आणि शिफारस या क्रमाने बोलायला तुम्ही शिकवतच असाल, तर त्यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवरच या पायऱ्या बेतलेल्या आहेत हे विद्यार्थ्यांनाही लगेच कळेल. असे वर्णन हातात असले की परीक्षकाला 'चांगले' म्हणजे काय हे ठरवत बसावे लागत नाही. त्याला आपण काय ऐकले तेवढे आठवायचे असते. चौथ्या पायरीत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, हे खरे. त्यांतल्या दोनच झाल्या तर काय, हे आधी ठरवून तक्त्याखाली टीप म्हणून लिहून ठेवा. परीक्षेच्या खोलीत तो निर्णय घ्यायची वेळ येऊ देऊ नका.

अशी वर्णने टेबलाशी बसून कल्पनेने लिहिता येत नाहीत. जुन्या विद्यार्थ्यांचे काम काढा: केअर प्लॅन, केस रेकॉर्ड, सिम्युलेशनचे (बनावट रुग्णावरच्या सरावाचे) व्हिडिओ. नावे झाका. मग दोघा-तिघांनी मिळून त्यांचे ढीग लावा: नक्की पुरेसे, नक्की अपुरे आणि मधले. गुण द्यायचे नाहीत, फक्त ढीग. नंतर प्रत्येक ढिगाशी थांबून विचारा की हे इथे का आले. जी कारणे बोलण्यात येतील ती त्याच शब्दांत लिहून घ्या. 'याने वेदना मोजल्या, पण औषध दिल्यावर पुन्हा मोजल्याच नाहीत' हे वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकी निकषापेक्षा उपयोगी आहे. मधल्या ढिगावर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेष तिथूनच जाते. मी नेहमी आधी उत्तीर्णतेची पायरी लिहून घेते, मग तिच्या खालची आणि सर्वांत वरची शेवटी. वरून सुरुवात केली की आदर्श विद्यार्थ्याचे चित्र तयार होते आणि खालच्या पायऱ्या म्हणजे त्या चित्रातून वजाबाकी होऊन बसते.

तुमच्या तक्त्यांत आणखी काही गोष्टी दिसल्या. 'किमान पाच संदर्भ दिले' ही मोजणी आहे, गुणवत्ता नाही. पाच चुकीचे संदर्भ देणारा विद्यार्थी त्यात वरच्या पायरीवर बसतो. 'रुग्णाशी आदराने वागतो व तपासणी योग्य क्रमाने करतो' या एका चौकटीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदराने वागून क्रम चुकवणाऱ्याला कुठे टाकणार? एका तक्त्यात चौथ्या पायरीवर अचानक 'कुटुंबीयांना सामावून घेतो' असे येते, जे खालच्या तिन्ही पायऱ्यांत कुठेच नाही. एकाच गोष्टीची प्रगती दाखवायची असेल तर तीच गोष्ट चारही पायऱ्यांत दिसली पाहिजे. निकषांची संख्याही बघा. आठ मिनिटांच्या स्टेशनवर चार निकषांपेक्षा जास्त असले की परीक्षक विद्यार्थ्याकडे बघायचा थांबून कागदाकडे बघू लागतो.

तयार रुब्रिक घ्यावे का, असेही तुम्ही विचारले आहे. घ्यायला हरकत नाही. नर्सिंगमधले सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे कॅथी लासाटर यांचे 2007 मधले क्लिनिकल निर्णयक्षमतेचे रुब्रिक. ख्रिस्टिन टॅनर यांनी 2006 मध्ये मांडलेल्या चार टप्प्यांवर ते उभे आहे: लक्षात येणे, अर्थ लावणे, प्रतिसाद देणे आणि मागे वळून विचार करणे. त्यात अकरा उपनिकष आणि प्रत्येकाला चार पायऱ्या आहेत. सिम्युलेशननंतरच्या चर्चेसाठी ते फार चांगले आहे, कारण विद्यार्थ्याची गाडी कुठे अडली हे त्यातून सांगता येते: बदल दिसलाच नाही, की दिसला पण अर्थ लागला नाही. या दोघांना शिकवायचे वेगळे असते. पण धावत्या वॉर्डमध्ये अकरा उपनिकष भरून घेणे जमत नाही. त्यातले दोन-तीन निवडा आणि त्यांची उदाहरणे तुमच्या विभागातली घाला.

आता एक गोष्ट जी मी कधीही सोडत नाही. तुमच्या इंजेक्शनच्या स्टेशनवर 20 पैकी गुण आहेत. रुग्णाची ओळख पटवणे 2, ॲलर्जी विचारणे 2, बाकी तंत्र, संवाद, नोंद वगैरे. म्हणजे जो विद्यार्थी ॲलर्जी विचारत नाही, पण बाकी सगळे सुरेख करतो, त्याला 18 गुण मिळतात. कागदावर तो पहिल्या श्रेणीत आहे. प्रत्यक्षात त्याच्या हातून रुग्णाचा जीव जाऊ शकतो. बेरजेचा हा दोष आरोग्य-शिक्षणात चालवून घेता येत नाही. अशा गोष्टी गुणांच्या बेरजेतून बाहेर काढा आणि वेगळ्या रकान्यात ठेवा: हे झाले नाही तर बाकी गुण कितीही असोत, स्टेशन पुन्हा द्यावे लागेल. या रकान्यात फार गोष्टी घालू नका. ज्या चुकल्या तर रुग्णाला थेट इजा होऊ शकते अशा दोन-तीनच. सगळेच अत्यावश्यक ठरवले की परीक्षक तो रकाना गांभीर्याने घेईनासे होतात. आणि कोणत्या गोष्टी तिथे आहेत हे विद्यार्थ्यांना आधीपासून माहीत असले पाहिजे. सापळा लावायचा नाही.

यातूनच परीक्षकांच्या एकमताचा प्रश्न येतो. तुम्ही म्हणता की रुब्रिक स्पष्ट आहे, तरी गुण वेगळे पडतात. कितीही स्पष्ट भाषा असली तरी तिचा अर्थ लावावा लागतो, आणि तो एकत्र बसूनच जुळतो. जखमेच्या ड्रेसिंगचा एक व्हिडिओ मी प्रशिक्षणात वारंवार वापरते. विद्यार्थिनीने निर्जंतुक हातमोजे घातले आहेत. ड्रेसिंग उचलताना तिचा हात पलंगाच्या कठड्याला लागतो. ती थांबते, रुग्णाला सांगते की माझा हातमोजा अस्वच्छ झाला आहे, मी बदलते. आणि नवा घालून पुढचे काम करते. बघणाऱ्या परीक्षकांत हमखास दोन तट पडतात. काही जण तिला सर्वांत खालची पायरी देतात, कारण निर्जंतुकता भंगली. काही जण सर्वांत वरची देतात, कारण तिला स्वतःला ते कळले आणि तिने लपवले नाही. दोघांच्या हातात तेच रुब्रिक असते आणि त्यात 'निर्जंतुकता राखतो' एवढेच लिहिलेले असते.

या वादाचे उत्तर रुब्रिकमध्ये नव्हते. ते त्या खोलीत ठरवावे लागते. मला स्वतःला दुसऱ्या तटाचे म्हणणे पटते. खऱ्या कामात हात कधी ना कधी लागतोच, आणि लागलेला हात ओळखून थांबणारी व्यक्ती रुग्णासाठी सुरक्षित असते. चूक कबूल करणाऱ्याला खालची पायरी दिली, तर पुढचा विद्यार्थी हात लागल्यावर आजूबाजूला बघेल आणि काही झालेच नाही असे दाखवून पुढे जाईल. म्हणून निकष असा लिहावा: 'निर्जंतुकता भंगल्यास ते ओळखतो, सांगतो आणि दुरुस्त करतो'. तुमचा गट वेगळा निर्णय घेऊ शकतो. पण निर्णय झाला पाहिजे, लिहिला गेला पाहिजे आणि परीक्षेच्या आधी झाला पाहिजे.

बैठक कशी घ्यायची हे अवघड नाही. तीन-चार नमुने निवडा, त्यांत एक तरी सीमेवरचा असावा. प्रत्येकाने न बोलता, स्वतंत्रपणे पायरी द्यावी आणि लिहून ठेवावी. मग सगळ्यांचे आकडे एकदम फळ्यावर. वरिष्ठांनी आधी बोलायचे नाही, नाहीतर बाकीचे त्यांच्याकडे झुकतात. सर्वांत दूर असलेल्या दोघांनी आपण काय पाहिले ते सांगावे. काय वाटले ते नंतर. पुष्कळदा असे निघते की एकाने जे पाहिले ते दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेच होते. मग वाद निकषाचा राहत नाही. जिथे दोघांनी तेच पाहूनही अर्थ वेगळा लावला, तिथे भाषा बदला. परीक्षकांना त्यांच्या सवयींची नावेही सांगून ठेवा. विद्यार्थी आत्मविश्वासाने बोलला की त्याच्या सगळ्याच निकषांना वरची पायरी मिळते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच या प्रभामंडळाच्या परिणामाविषयी लिहिले आहे. कुणी सगळ्यांना मधलेच गुण देतो. कुणी अतिशय हुशार विद्यार्थ्यानंतर आलेल्या साधारण विद्यार्थ्याला अकारण खाली ढकलतो.

आकड्यांत एकमत मोजायचे असेल तर नुसती टक्केवारी फसवते. शंभरातले नव्वद विद्यार्थी तिसऱ्या पायरीवरच असतील, तर दोन परीक्षक डोळे मिटून तिसरी पायरी देत गेले तरी त्यांचे एकमत भरघोस दिसेल. जेकब कोहेन यांचा 1960 मधला कप्पा (kappa) हा अंक योगायोगाने होणारे एकमत वजा करतो. पायऱ्या क्रमाने असतात, म्हणून त्यांचा 1968 मधला भारित कप्पा अधिक योग्य; त्यात एका पायरीचा फरक आणि तीन पायऱ्यांचा फरक सारखा धरला जात नाही.

पण या आकड्याच्या फार मागे लागू नका, आणि यामागे ठोस कारण आहे. विद्यार्थी एका केसमध्ये कसा वागतो यावरून तो दुसऱ्या केसमध्ये कसा वागेल हे फारसे सांगता येत नाही. छातीत दुखणाऱ्या रुग्णाशी उत्तम बोलणारा विद्यार्थी रागावलेल्या नातेवाइकासमोर गप्प होतो. वैद्यकीय शिक्षणाच्या संशोधनात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. म्हणून एकाच केसवर दोन परीक्षक बसवून त्यांचे एकमत घासत राहण्यापेक्षा तेच दोन परीक्षक दोन वेगळ्या केसवर बसवा. विद्यार्थ्याविषयी जास्त कळते, खर्च तेवढाच. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या रुग्णांसोबत, वेगवेगळ्या परीक्षकांनी केलेली अनेक छोटी निरीक्षणे एका मोठ्या परीक्षेपेक्षा विश्वासार्ह ठरतात. एकमताची बैठक तरीही घ्यायचीच, कारण तिथे शिक्षक आपण काय शिकवतो हे ठरवतात.

वॉर्डमधल्या मूल्यमापनासाठी तुम्ही वापरलेल्या 'सरासरीपेक्षा कमी, सरासरी, सरासरीपेक्षा जास्त' या पायऱ्या बदलाच. सरासरी कोणाची? त्या वर्षाची, त्या वॉर्डची, की परीक्षकाच्या आठवणीतल्या विद्यार्थ्यांची? ऑले टेन केट यांनी 2005 मध्ये सोपवता येण्याजोग्या कामांची कल्पना मांडली, आणि तिच्यातून देखरेखीची पाच पायऱ्यांची श्रेणी रुजली: फक्त बघू द्यावे, शेजारी उभे राहून करू द्यावे, हाक मारली की येता येईल एवढ्या अंतरावर राहून करू द्यावे, स्वतंत्रपणे करू द्यावे, आणि इतरांवर देखरेख करू द्यावी. वॉर्डमधली अनुभवी सिस्टर किंवा रजिस्ट्रार (वरिष्ठ निवासी डॉक्टर) मनात हाच हिशोब रोज करत असतात. याला हे काम देऊन मी शेजारच्या रुग्णाकडे जाऊ शकते का? त्यांच्या विचाराची भाषाच श्रेणीत आली की ती प्रामाणिकपणे भरली जाते. सोबत एक वाक्याचा रकाना ठेवा, 'पुढची पायरी मिळवण्यासाठी काय दिसायला हवे'. वेळ नसेल तर पायरी सोडा, पण ते वाक्य लिहा.

अपुऱ्या विद्यार्थ्याला नापास करणे जड जाते, हेही यात आहे. कॅथलीन डफी यांनी 2003 मध्ये ब्रिटनमधल्या नर्सिंग मेंटरांचा (वॉर्डमध्ये विद्यार्थ्यांना शिकवून त्यांचे मूल्यमापन करणाऱ्या परिचारिकांचा) अभ्यास करून दाखवले की शंका असूनही विद्यार्थ्यांना पुढे ढकलले जाते. मेंटरकडे शब्द नसतात, नोंदी उशिरा होतात, संस्था पाठीशी उभी राहील याची खात्री नसते. चांगले रुब्रिक शब्द देते. 'आत्मविश्वास कमी आहे' असे लिहिलेला शेरा कोणीही खोडून काढू शकतो. 'तीन वेगवेगळ्या दिवशी औषध देण्यापूर्वी नावपट्टी तपासली नाही, दोनदा आठवण करूनही' हा शेरा खोडता येत नाही, आणि विद्यार्थ्यालाही नेमके काय बदलायचे ते कळते. पाठबळ मात्र विभागप्रमुखांनीच द्यायचे असते. ते नसेल तर कागद काही करू शकत नाही.

विद्यार्थ्यांच्या तक्रारींबद्दल. रुब्रिक आधी वाटून दिले होते, तरी त्यांना कळले नाही असे तुम्ही म्हणता. नुसते वाटून दिल्याने कळत नाही. त्यांना त्यावर कुणा दुसऱ्याचे काम तपासायला द्या. दोन जुने केअर प्लॅन द्या, एक सीमेच्या वरचा, एक खालचा, आणि पायरी ठरवून कारण लिहायला सांगा. तासाभराच्या या कामाने जे होते ते सूचनांच्या पानांनी होत नाही. मग स्वतःचे काम जमा करताना त्यांनी स्वतःची पायरी लिहावी. शिक्षकाची आणि त्यांची पायरी जुळत नसेल तर फक्त त्या निकषावर बोला. चर्चा पाच मिनिटांत होते आणि दोघांच्याही लक्षात राहते.

सहानुभूती आणि चिंतन या दोन गोष्टींसाठी मात्र रुब्रिक जपून वापरा. सहानुभूतीला गुण ठेवले की विद्यार्थी ठरावीक वाक्य पाठ करतात. रुग्ण सांगतो की नवरा गेल्यापासून झोप लागत नाही. विद्यार्थी फाइलकडे बघत म्हणतो, 'मी समजू शकतो', आणि पुढचा प्रश्न विचारतो, 'शौचाला साफ होते का?' चेकलिस्टवर त्याला पूर्ण गुण. निकष असा असावा की रुग्णाने जे सांगितले त्यामुळे विद्यार्थ्याचे पुढचे वाक्य बदलले का. एवढेच बघा. पाठ केलेले वाक्य तिथे टिकत नाही. चिंतन-लेखनाला तर मी गुण देतच नाही. पूर्ण केले की नाही एवढी नोंद आणि समोरासमोर बोलणे. गुण ठेवले की विद्यार्थी शिक्षकाला आवडेल अशी चूक आणि आवडेल असा पश्चात्ताप लिहून आणतात, आणि खरोखर खुपलेला प्रसंग कागदावर येतच नाही. याबाबत माझ्याशी असहमत असलेले चांगले शिक्षक आहेत. त्यांचे म्हणणे असे की गुण नसले तर कोणी लिहीतच नाही. मला तो धोका परवडतो.

पायऱ्यांचे गुणांत रूपांतर करताना एक काळजी घ्या. चारपैकी दुसरी पायरी म्हणजे आपोआप 50 टक्के होत नाही. उत्तीर्णतेची पायरी तिसरी असेल आणि विद्यापीठाची उत्तीर्णतेची रेष 50 वर असेल, तर सरळ गुणाकाराने अपुरे विद्यार्थीही पास होतात. आधी शब्दांत ठरवा की कोणती पायरी पुरेशी, मग तिला उत्तीर्णतेचा आकडा द्या. ऑस्कीत विद्यार्थी पुरेसे असतील तर सीमारेषेची प्रतिगमन पद्धत वापरा: प्रत्येक स्टेशनवर परीक्षक गुणांसोबत समग्र श्रेणी देतो आणि त्या दोहोंच्या संबंधावरून 'सीमेवरचा' या श्रेणीशी जुळणारे गुण काढले जातात. मग अवघड स्टेशनची रेष आपोआप खाली येते.

सुरुवात हँडओव्हरच्या एकाच रुब्रिकपासून करा आणि या सत्रात बाकीच्यांना हात लावू नका. तक्त्यावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख घाला. सत्र संपल्यावर प्रत्येक निकषाखाली सगळ्या वर्गाच्या पायऱ्या मांडून बघा. एखाद्या निकषावर सगळेच तिसऱ्या पायरीवर असतील, तर तो निकष काही सांगत नाही. काढून टाका किंवा पायऱ्या नव्याने लिहा. एखाद्यावर जवळजवळ सगळेच दुसऱ्या पायरीवर अडकले असतील, समजा उपचारानंतर रुग्णाला पुन्हा तपासण्यावर, तर ते वर्गात पुरेसे शिकवलेच गेलेले नाही असे समजा आणि पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात त्याला जागा करा.